बंप रबर बदलावे, की आणखी एक हंगाम चालवावे?



शेवटची मोळी गव्हाणीत पडली, बॉयलर थंड झाला, की कारखान्यात बंद हंगामाची कामे सुरू होतात. मिल उघडली जाते, रोलर, बेअरिंगे, साखळ्या, पट्टे एकेक करून पाहिले जातात आणि प्रत्येक भागापाशी एकच प्रश्न विचारला जातो : हा भाग बदलायचा, की अजून एक हंगाम काढील? बदलला तर पैसा जातो. न बदलला आणि ऐन गळितात तुटला, तर गाड्या वजनकाट्याबाहेर उभ्या राहतात आणि ऊस वाळतो. म्हणून हा निर्णय नुसत्या डोळ्यांनी घेत नाहीत. भाग का झिजला, हे आधी शोधतात आणि मग ठरवतात.

आपल्या घरच्या मोटारीच्या बाबतीत मात्र आपण एवढा विचार करीत नाही. मोटार हा आता चैनीचा विषय राहिलेला नाही. ऊसतोडीच्या टोळीकडे जायचे, तालुक्याला बँकेत जायचे, बाळंतिणीला आणायचे, आजाऱ्याला न्यायचे, सगळे तिच्यावरच. आणि तिच्या तळाशी, कोणाला सहसा न दिसणारा, मुठीएवढा रबराचा एक तुकडा असतो, त्याविषयी आज लिहायचे आहे. गॅरेजवाले त्याला बंप रबर किंवा बंप स्टॉपर म्हणतात.

काळाचौकीत काय घडले

आपल्या भागातील घराघरांचा मुंबईच्या लालबाग-काळाचौकीशी जुना संबंध आहे. दिग्विजय, इंडिया युनायटेड अशा गिरण्यांत घाटावरची माणसे पिढ्यान्‌पिढ्या राबली. १८ जानेवारी १९८२ रोजी सुरू झालेल्या संपानंतर गिरण्यांचे भोंगे हळूहळू बंद झाले, पुष्कळ जण गावी परतले; पण काहींची घरे तिथेच राहिली. आज त्या घरांचा आधार होतो तो मुख्यतः दवाखान्यासाठी. परळचे के.ई.एम. रुग्णालय १९२६ पासून आणि टाटा रुग्णालय १९४१ पासून आहे आणि काळाचौकीहून दोन्ही हाकेच्या अंतरावर. त्यामुळे गावाकडून पेशंट घेऊन निघालेली गाडी पुष्कळदा काळाचौकीतल्या एखाद्या चुलत्याच्या, नाहीतर मावशीच्या दारात उभी राहते.

गेल्या उन्हाळ्यात आमच्या गटातील एक सभासद आपल्या पत्नीला उपचारासाठी असेच घेऊन गेले होते. आम्हीही त्या वेळी कामानिमित्त मुंबईत होतो. गाडी मागे कमानपाटे असलेली, नऊ-दहा वर्षे वापरातली. आत पाच माणसे, अंथरूण-पांघरूण, आणि नातेवाइकांसाठी तांदळाचे एक पोते. काळाचौकीत शिरताना एका गतिरोधकावर मागून 'धाड' असा लोखंडावर लोखंड आपटल्याचा आवाज आला आणि वहिनी कळवळल्या. ऑपरेशनचे टाके अजून ओले होते. दोन दिवसांनी तपासणी करून परत गावी जायचे होते, म्हणजे बोरघाट, खंबाटकी आणि शेवटी आपला गावचा रस्ता.

जवळच्या एका मिस्त्रीने गाडी जॅकवर उचलली, खाली लाकडी ठोकळे लावले आणि बॅटरी मारून पाहिले. म्हणाला, "पाव्हणं, डाव्या बाजूचं रबर निम्मं तुटून गेलंय. उजवं चिरलंय. बदलून देतो, अर्ध्या तासाचं काम. पण रबर हा रोग नाही, नुसता ताप आहे. ताप कशानं आला ते बघाय नको का?"

सभासद म्हणाले, "मिस्त्री, आत्ता तेवढं रबर टाका. नाहीतर तसंच हळू चालवत नेतो. बाकीचं गावाकडं बघू."

आता यात काय करावे? नुसते रबर टाकावे, तसेच चालवावे, की सगळेच काम काढावे? हे ठरवायचे तर ते रबर तिथे कशासाठी असते, हे आधी समजले पाहिजे.

रबराचे काम काय?

मिलच्या वरच्या रोलरवर हायड्रॉलिकचा दाब असतो. उसाचा थर जाड आला की रोलर थोडा उचलतो, थर पातळ झाला की खाली बसतो. मोटारीचे चाकही तसेच आहे. खड्डा किंवा उंचवटा आला की चाक वर-खाली होते आणि पाटे किंवा गोल स्प्रिंग तो धक्का स्वतःत घेतात. स्प्रिंग एकदा हलली की हलतच राहील, म्हणून तिला आवर घालायला शॉकॲब्सॉर्बर असतो. धक्का या दोघांच्याही ताकदीबाहेरचा असला, तर चाकाचा आस थेट चासीवर जाऊन आपटू नये, म्हणून मध्ये रबराचा ठोकळा ठेवलेला असतो. हेच बंप रबर. ते शेवटचा पहारेकरी आहे. त्याला रोज काम पडू लागले, तर पुढचे दोन पहारेकरी झोपलेत असे समजावे.

हा पहारेकरी नसला तर आस चासीवर बसतो. मग चासीला जोडलेले कंस तडकतात, मुख्य पाटा मोडू शकतो, शॉकॲब्सॉर्बरचा दांडा तळाला ठोकर खातो आणि त्याचे सील फुटून तेल गळते. वळणावर असा धक्का बसला तर चाकाची रस्त्यावरची पकड क्षणभर सुटू शकते, आणि घाटात तो क्षण महाग पडतो. आत आजारी माणूस असेल, तर त्याच्या पाठीचे हाल वेगळे सांगायला नकोत.

नव्या बहुतेक मोटारींत ही रचना थोडी निराळी असते. तिथे शॉकॲब्सॉर्बरच्या दांड्यावरच, गोल स्प्रिंगच्या आत, फोमसारख्या मऊ पदार्थाचा लांबट बंप स्टॉपर ओवलेला असतो. तो नुसता शेवटचा ठोकळा नसतो. गाडीत माणसे भरली की तो थोडा थोडा दबू लागतो आणि स्प्रिंगला हातभार लावतो. हा फोम जुना झाला की हातात घेताच त्याचा भुगा होतो. वरचे धुळीचे टोपणही फाटलेले असेल तर माती दांड्यावर बसते, दांडा ओरखडतो आणि सील जाते. म्हणून अशा गाडीत स्टॉपर गेला असेल, तर त्याला 'साधे रबर' समजून दुर्लक्ष करू नये.

टॅक्सीवाल्यांपासून शिकण्यासारखे

तो मिस्त्री आपले काम काळ्या-पिवळ्या टॅक्सीवर शिकला होता. या टॅक्स्या म्हणजे कुर्ल्याच्या प्रीमियर ऑटोमोबाइल्सच्या फियाट. १९६४ पासून '११०० डिलाइट', आणि १९७४ पासून तीच गाडी 'प्रीमियर पद्मिनी' या नावाने ओळखली गेली. तिला पुढे गोल स्प्रिंगा आणि मागे कमानपाटे. मागच्या बाकावर माणसे, डिकीत सामान, टपावरच्या कॅरियरवर ट्रंका, शिवाय पुढे गॅसवर चालू लागल्यावर डिकीत पन्नास-साठ किलोची लोखंडी टाकी. ही टाकी गाडी रिकामी असतानाही पाट्यांवर बसून असते. मुंबईतली शेवटची पद्मिनी टॅक्सी २००३ साली नोंदली गेली आणि वीस वर्षांची मुदत संपल्यावर ३० ऑक्टोबर २०२३ पासून ती रस्त्यावरून गेली. पण तिने शिकवलेला धडा आपल्या कामाचा आहे.

मिस्त्री सांगत होता, "टॅक्सीवाला आला आणि म्हणाला रबर टाक, तर आमचा वस्ताद पहिल्यांदा गाडी सपाट जागी लावायचा आणि पाटा बघायचा. पाटा सरळ झालेला असला, की म्हणायचा, आज रबर टाकशील, सहा महिन्यांनी परत येशील." आपल्यापैकी ज्यांनी गाडीला गॅसची टाकी बसवून घेतली आहे, त्यांनी हे वाक्य लक्षात ठेवावे.

ठरवायचे कसे?

आता मूळ प्रश्नाकडे येऊ. आमच्या मते प्रत्येक सभासदाने पुढील पाच गोष्टी पाहाव्यात.

पहिली, रबराची स्थिती. वरवर केसासारख्या बारीक चिरा असतील, पण रबर लवचिक आणि अखंड असेल, तर घाई नाही, पुढच्या सर्व्हिसिंगला पुन्हा पाहावे. तुकडा निघालेला असेल, रबर आपल्या पत्र्यापासून सुटले असेल, दगडासारखे कडक झाले असेल किंवा जागेवरच नसेल, तर बदलावेच.

दुसरी, धक्का खरोखर तिथे पोचतो का? रबर ज्या जागी टेकते तिथे लोखंडावर घासून चकाकी आली असेल, तर उत्तर मिळाले. शंका असेल तर रबराच्या टोकाला ग्रीसचा ठिपका द्यावा, नेहमीचे ओझे घेऊन नेहमीच्या रस्त्याने फेरी मारावी आणि समोरच्या लोखंडावर ठसा उमटला का ते पाहावे. कधीतरी मोठ्या खड्ड्यात उमटला तर तो रबराचा धर्मच आहे. पाटे असलेल्या गाडीत साध्या रस्त्यावर उमटला, तर दुखणे दुसरीकडे आहे.

तिसरी, पाटे किंवा स्प्रिंग बसली आहे का? रिकामी गाडी सपाट जागी उभी करून, टायरमधली हवा सारखी करून, चाकाच्या मध्यापासून वरच्या मडगार्डच्या काठापर्यंतचे अंतर टेपने दोन्ही बाजूंना मोजावे. एक बाजू स्पष्ट कमी भरली, तर ती बाजू बसली आहे. दोन्ही बाजू सारख्याच बसल्या असतील तर हा ताळा फसतो. तेव्हा त्याच जातीच्या चांगल्या गाडीशी तुलना करावी.

चौथी, शॉकॲब्सॉर्बरवर तेल ओघळले आहे का? ओघळले असेल तर नवे रबर बिचारे एकटे काय करणार!

पाचवी, रबरापर्यंत पोचायला काय काय उघडावे लागते? पाट्यांच्या गाडीत ते बहुधा एक-दोन नटांवर असते, मजुरी थोडी. तिथे विचार करीत बसण्यात अर्थ नाही, जोडी बदलून टाकावी. पण जिथे ते शॉकॲब्सॉर्बरच्या दांड्यावर असते, तिथे अख्खी जुळणी उतरवून स्प्रिंग शिकंजात दाबून धरावी लागते. तिथे वस्तूपेक्षा मजुरी जास्त. म्हणून शॉकॲब्सॉर्बर बदलायचेच असतील तेव्हा रबर, टोपण आणि वरचे माउंटिंग हेही एकदमच पाहून घ्यावे, म्हणजे मजुरी दोनदा पडत नाही. दाबलेली स्प्रिंग सुटली तर माणूस जायबंदी होतो, तेव्हा हे काम घरी करू नये. आणि कोणतीही गाडी नुसत्या जॅकवर असताना तिच्याखाली शिरू नये.

काही लोक जुन्या टायरचा तुकडा कापून बसवतात, काही मूळ मापापेक्षा उंच रबर घालतात. दोन्ही खोटे. टायरचा तुकडा बेताने दबत नाही, आणि उंच रबरामुळे चाकाला वर जायला जागाच कमी उरते. मग गाडी लहान खड्ड्यातही आपटते आणि आपण म्हणतो, नवे रबर टाकूनही गुण नाही. मूळ मापाचेच, आणि दोन्ही बाजूंना एकदम, असे रबर घ्यावे.

शेवटी काय ठरले

काळाचौकीत टेप लावला, तेव्हा डावी बाजू दोन बोटे खाली भरली. शॉकॲब्सॉर्बर कोरडे होते. म्हणजे दोष पाट्यांचा. पाटे उतरवून भट्टीवर कमान देऊन घ्यायची, तर दोन दिवस जाणार, आणि वहिनींना वेळेवर घरी पोचवणे जरुरीचे. तसेच चालवत नेण्याला मिस्त्रीने साफ नकार दिला. "घाट उतरायचाय, आत आजारी बाई आहे, मी तरी सोडणार नाही," असे तो म्हणाला.

अखेर मधला मार्ग निघाला. दोन्ही रबरे नवी घातली. तांदूळ उतरलाच होता. बरोबरची दोन माणसे परळ आगारातून एस.टी.ने गेली. वहिनींना मागच्या बाकाऐवजी पुढे बसवले, कारण मागच्या आसावर बसलेल्याला धक्का जास्त लागतो. शिवडीहून अटल सेतूवर गाडी पाण्यासारखी गेली. खरी परीक्षा गावच्या रस्त्याला होती आणि तिथे सभासदांनी गाडी बैलगाडीच्या चालीने घेतली. आठ दिवसांत त्यांनी पाट्यांना कमान देऊन घेतली.

यात नव्या रबराने दोष बरा केला नाही, वेळ मिळवून दिला. ओझे कमी केले म्हणून तो वेळ पुरला. रबर टाकून पुन्हा पाच माणसे आणि पोती भरली असती, तर पैसे पाण्यात गेले असते. उलट, पाट्यांचे काम व्हायचे आहे म्हणून रबराविना घाट उतरणे, हाही शहाणपणा नव्हे.

बंद हंगामाचे दिवस आहेत, हाताशी थोडा वेळ आहे. तेव्हा सभासद बंधूंनी आपली गाडी एकदा सपाट जागी लावून, टेप आणि बॅटरी घेऊन पाहावी. भाग झिजला असेल तर तो का झिजला हे आधी विचारावे, आणि मगच खिशात हात घालावा. पुढची खेप कोणाला घेऊन, किती घाईने आणि किती दूर करावी लागेल, हे आपल्यापैकी कोणालाच सांगता येत नाही. तेव्हा गाडी तयार असावी, एवढेच आमचे सांगणे.