अर्ध्या मिलिसेकंदाचा हिशेब

25 मिलिमीटर लांबीची पितळी पुंगळी, तिच्या तोंडात बसवलेली 13 ग्रॅमची गोळी, बुडाशी ठिणगी पाडणारा प्रायमर आणि आत एक ग्रॅमही न भरणारी दारू. ‘10 मिलिमीटर ऑटो’ हे काडतूस एवढंच असतं. 1983 मध्ये ‘ब्रेन टेन’ या अमेरिकी पिस्तुलासाठी स्वीडनच्या नॉर्मा कंपनीने ते बाजारात आणलं. त्या वेळी 200 ग्रेनच्या (13 ग्रॅम) गोळीचा वेग सेकंदाला 1,200 फूट, म्हणजे 366 मीटर ठेवला होता. आवाजालाही मागे टाकणारा हा वेग गोळी हाताच्या पंज्याएवढ्या नळीत गाठते.

चाप ओढल्यावर आत जे घडतं ते मला अजूनही थक्क करतं. या काडतुसासाठी अमेरिकेतील उत्पादकांच्या ‘सामी’ या मानक संस्थेने ठरवलेली कमाल दाबाची मर्यादा आहे चौरस इंचाला 37,500 पौंड. पृथ्वीवरचा सर्वांत खोल समुद्र मरियाना गर्तेत आहे. तिच्या तळाशी पाण्याचा जो दाब असतो, त्याच्या सव्वादोन पटींहून हा जास्त. गोळीच्या बुडाचं क्षेत्रफळ नखाएवढंही नाही, तरी त्यावर दोन टनांहून अधिक जोर येतो. नळीतल्या प्रवासात गोळीचा सरासरी प्रवेग गुरुत्वाकर्षणाच्या 60 हजार पटींच्या घरात जातो. नळीच्या आतल्या पिळामुळे ती स्वतःभोवतीही फिरू लागते. दर 16 इंचांना एक फेरा धरला, तर बाहेर पडताना तिचा वेग मिनिटाला 54 हजार फेऱ्यांचा असतो.

आणि तरी गोळीतली ऊर्जा भरते जेमतेम 870 ज्यूल. चहात टाकलेल्या चिमूटभर साखरेत याच्या कित्येक पट ऊर्जा असते. सगळा फरक वेळेचा आहे. हे काम अर्ध्या मिलिसेकंदाच्या आसपास उरकतं, त्यामुळे तेवढ्या क्षणापुरती त्या चिमुकल्या नळीतून दोन हजारांहून अधिक अश्वशक्ती वाहते.

हे काडतूस अमेरिकेत पुष्कळ शिकारी घरीच भरतात.  तिथे मोकाट रानडुकरांची संख्या 60 लाखांवर गेली आहे, ती तीसहून अधिक राज्यांत पसरली आहेत आणि शेतकरी त्यांना वैतागले आहेत. डुकराच्या खांद्यावर जाड कातडी आणि चिवट ऊती असतात. म्हणून त्यासाठी बरेच जण आघातानंतर न फुलणारी, खोल जाणारी 200 ते 220 ग्रेनची कडक शिशाची गोळी निवडतात. हरणासाठी 180 ग्रेनची, टोकाला पोकळी असलेली, आत शिरून फुलणारी गोळी पसंत करतात.

एका पौंडात 7,000 ग्रेन. काडतुसामागे सुमारे 10 ग्रेन दारू धरली, तर पौंडाच्या एका डब्यात 700 काडतुसं भरतात. घरच्या तराजूवर 0.1 ग्रेनपर्यंत मोजावं लागतं, म्हणजे साडेसहा मिलिग्रॅम. दारू 10 टक्के वाढली तर दाब 10 टक्क्यांवर थांबत नाही, तो त्याहून पुढे जातो. छापील पुस्तकातल्या आकड्याला चिकटून राहायचं, त्यात सुरुवात सांगितली असेल तिथूनच करायची, अंदाजाने एक कणही वाढवायचा नाही. पुंगळी जवळजवळ भरून टाकणारी, मंद जळणारी दारू मला म्हणूनच अधिक भरवशाची वाटते: चुकून दोनदा ओतली तर ती बाहेर सांडते आणि चूक डोळ्यांना दिसते. चटकन जळणारी दारू अर्धीच पुंगळी भरते. तिथे दुप्पट माप गुपचूप मावतं.

अर्धस्वयंचलित पिस्तुलात आणखी एक अट येते. काडतूस नळीत नेमकं किती आत जाऊन थांबेल, हे पुंगळीच्या तोंडाची कड ठरवते. त्यामुळे रिव्हॉल्व्हरच्या काडतुसासारखी ती कड गोळीत घट्ट मुडपून चालत नाही, आणि पुंगळीच्या लांबीला सूट मिळते ती फक्त पाव मिलिमीटरची. मॅगझिनमधून वर चढताना गोळी नळीकडे नेणाऱ्या उतारावर आदळते. ती सैल बसवली असेल तर आत ढकलली जाते, दारूची जागा आक्रसते आणि दाब मर्यादेबाहेर जातो. हाताने भरणाऱ्याने याची सर्वांत जास्त धास्ती बाळगावी.

पण इतकं निगुतीने भरलेलं काडतूसही एका बाबतीत उपयोगी पडत नाही. पिस्तुलावर नेम धरायच्या मागच्या खाचेपासून पुढच्या माशीपर्यंतचं अंतर साधारण 165 मिलिमीटर असतं. नेम धरताना माशी एका मिलिमीटरने हलली, तर 50 यार्डांवर गोळी 28 सेंटिमीटर बाजूला जाते. हरणाच्या हृदय-फुप्फुसांचा भाग आहे सुमारे 20 सेंटिमीटरचा. 50 यार्डांवर गोळी 8 सेंटिमीटर खाली येते आणि 100 यार्डांवर साधारण 36. अंतर दुप्पट झालं की घसरण चौपटीहूनही जास्त होते. पिस्तूल धरलेल्या हाताच्या थरथरीला यात जागाच उरत नाही. जखमी जनावर झाडीत नाहीसं होतं आणि तासन्‌तास तडफडतं. उघड्या माशीच्या पिस्तुलाने 50 यार्डांपलीकडच्या जनावरावर गोळी झाडूच नये.