न्हायचं किती वेळा, आणि कुणाला विचारून?

"आठवड्यातून किती वेळा न्हावं हो?" प्रश्न दिसायला साधा. पण मैत्रिणींनो, चार बायका जमल्या असताना एकदा टाकून बघा. पलूसच्या शाळेत मी अर्धवेळ शिकवते. तिथल्या शिक्षिकांच्या खोलीत मधल्या सुट्टीत हा विषय निघाला आणि घंटा झाली तरी संपेना. एकीकडे सोमवारी न्हायचं नाही, उपास असतो. दुसरीकडे शनिवारी नाही. तिसरीला पाठचा भाऊ आहे, म्हणून बुधवार वर्ज्य. चौथीच्या घरी दत्ताचं, औदुंबर जवळच, तेव्हा गुरुवारी डोक्यावरून पाणी घ्यायचं नाही. एकादशी आणि अमावास्या त्या आणखी वेगळ्या! सगळ्यांचे नियम एकत्र केले तर मंगळवार, शुक्रवार आणि रविवार उरले. रविवारी न्हायला कुणाचीच ना नव्हती. पण रविवारी घरातली सगळी माणसं घरात, मग गरम पाणी आपल्या वाट्याला येणार कधी?

या वारांना हसून मोकळं होणं बरोबर नाही. आपल्या आज्या न्हायच्या तेव्हा तो अर्ध्या दिवसाचा उद्योग असे. बंबाला जळण घालायचं, शिकेकाई उकळायची, आदल्या रात्री तेल चोळायचं, न्हाऊन झालं की कमरेएवढे केस उन्हात बसून वाळवायचे. घरात चार बायका असल्या तर प्रत्येकीचा दिवस ठरवूनच घ्यावा लागे. पण तो ठरलेला दिवस पुढे शास्त्र होऊन बसला. आज एखादी सून दवाखान्यात नोकरी करते, एखादी कारखान्यात जाते, कुणी घामानं निथळत द्राक्षबागेतून परत येते, आणि डोकं खाजत असतानाही "आज कोण वार?" म्हणून थांबते, हे काही मला पटत नाही. वार पाळायचाच असेल तर जरूर पाळा. पण तो तुम्ही ठरवलेला असू द्या.

आता मूळ गोष्ट. आपल्या डोक्याच्या कातडीत तेल पाझरणाऱ्या बारीक ग्रंथी असतात. डोकं तेलकट होतं ते या तेलानं, आणि त्यात घाम, धूळ, चुलीचा धूर मिसळला की चिकट होतं. हे तेल किती पाझरावं ते शरीरातल्या संप्रेरकांवर अवलंबून असतं. म्हणून तेरा-चौदा वर्षांच्या मुलीचं डोकं दोन दिवसांत तेलकट होतं आणि पाळी गेलेल्या सासूबाईंचं आठ दिवस कोरडं राहतं. एकाच घरात दोघींना एकच नियम लावला तर एकीवर अन्याय होणारच.

केस मात्र निर्जीव असतो. जिवंत असतं ते कातडीखालचं मूळ. केस महिन्याला साधारण एक सेंटीमीटर वाढतो. म्हणजे तुमची वेणी दोन फुटांची असेल तर तिचं टोक पाच वर्षांचं जुनं आहे! पाच वर्षांची साडी आपण कशी जपून धुतो? तसंच टोकाचं. शांपू किंवा शिकेकाई डोक्याच्या कातडीला चोळायची. टोकांना वरून ओघळणारा फेस पुरतो. बहुतेकजणी उलटं करतात, लांब केस हातात धरून कपड्यासारखे घासतात.

मग किती वेळा? ज्यांचं डोकं तेलकट, त्या वयात आलेल्या मुलींनी एक दिवसाआड धुतलं तरी बिघडत नाही. घाम फार येत असेल तर रोज, सौम्य शांपूनं. आपल्यासारख्या मधल्या वयाच्या बहुतेकींना आठवड्यातून दोनदा पुरे. केस कुरळे, कोरडे किंवा रंगवलेले असतील तर आठवड्यातून एकदा, फार तर दहा दिवसांनी. बागेत विरळणीला जाणाऱ्या बायकांनी फवारणीच्या दिवसांत डोकं घट्ट बांधून जावं, आणि घरी आल्यावर वार न बघता धुवावं. एवढंच उत्तर. बाकी डोक्याला हात लावून बघा. चिकट लागलं, वास आला, खाज सुटली की धुवायची वेळ झाली.

"सारखे धुतले की केस गळतात" हे तुम्ही ऐकलं असेलच. निरोगी माणसाचे दिवसाला पन्नास ते शंभर केस आपोआप सुटतात. जी आठवड्यानं न्हाते तिचे सात दिवसांचे सुटलेले केस एकदम मोरीच्या जाळीत दिसतात आणि ती घाबरते. घाबरून पुढच्या खेपेला दहा दिवस थांबते, मग गुंता आणखी मोठा दिसतो. ते केस पाण्यानं उपटलेले नसतात, आधीच सुटलेले असतात.

खरी गळती वेगळी. बाळंतपणानंतर तीनेक महिन्यांनी पुष्कळजणींचे केस झुबक्यांनी गळतात. सहा महिने ते वर्षात बहुधा आपोआप भरून येतात. टायफॉइड, डेंग्यूसारख्या तापानंतरही असंच होतं. अंगात रक्त कमी असेल किंवा थायरॉईड बिघडलं असेल तरी केस जातात, आणि तिथे न्हाण्याच्या वेळा बदलून काही होणार नाही, रक्त तपासून घ्यायला हवं. बाळंतिणीला मात्र "लवकर डोक्यावरून पाणी घेतलंस म्हणून" असं ऐकवणाऱ्या भेटतात. तिला ते ऐकू देऊ नका.

पाळीच्या दिवसांचंही तेच. चौथ्या दिवशी न्हाणं हा रिवाज झाला. त्याआधी न्हाल्यानं अंगावर जास्त जातं किंवा पोटात दुखतं याला काही आधार नाही. उलट कोमट पाण्यानं कंबरेला आराम पडतो. मुलींना तीन दिवस चिकट डोक्यानं शाळेत पाठवू नका.

आपल्याकडे आणखी एक अडचण आहे, पाण्याची. कृष्णाकाठी पाण्याला तोटा नाही असं बाहेरच्यांना वाटतं, पण बोअरचं पाणी बादलीला पांढरा थर धरतं. अशा जड पाण्यात साबण लावला की फेस होत नाही. पाण्यातल्या क्षारांशी साबणाची साय धरते आणि ती केसांना चिकटून राहते. केस धुऊनही राठ लागतात ते त्यामुळे. म्हणून अंगाचा साबण डोक्याला नकोच. शांपूची जड पाण्यात अशी साय धरत नाही. बोअरखेरीज नळाचं पाणी मिळत असेल तर शेवटचे दोन तांबे त्याचे घ्या. नाहीतर तांब्याभर पाण्यात अर्धं लिंबू पिळून ते केसांवरून ओता आणि मग साध्या पाण्यानं धुऊन टाका. डोळे मिटून, हे सांगायला नकोच.

गंमत म्हणजे शांपू हा शब्द मूळचा आपलाच, चंपीच्या कुळातला. पाटण्याकडचे दीन महंमद एकोणिसाव्या शतकात इंग्लंडात ब्रायटनला चंपीचं स्नानगृह चालवत. तेव्हा शांपू म्हणजे अंग रगडणं. केस धुणं हा अर्थ पुढे आला. आणि एकदाच्या न्हाण्यापुरती शांपूची पुडी हीसुद्धा आपल्याकडच्याच माणसाची करामत, तामिळनाडूतल्या कडलूरच्या चिन्नी कृष्णन यांची. बाटली न परवडणाऱ्या घरात शांपू गेला तो या पुडीतून. एक पुडी दोघींनी वापरली तरी चालते. जास्त फेस म्हणजे जास्त स्वच्छ असं काही नसतं.

तेलाचं थोडं सांगते. २००३ साली मुंबईच्या मॅरिको कंपनीतल्या संशोधकांनी दाखवलं, की न्हाण्याआधी खोबरेल लावलं तर धुताना केसातलं प्रथिन कमी झिजतं. सूर्यफुलाच्या तेलानं तसं होत नाही. खोबरेल विकणारीच ती कंपनी, तेव्हा तिला आनंद झाला असणार! पण आपल्या आज्यांचंही म्हणणं तेच होतं. फक्त कोंडा असेल तर तेल थांबवा. कोंड्यामागे एक बुरशी असते आणि तिचं अन्नच तेल. "डोकं कोरडं पडलंय, तेल घाल" म्हणून आपण तिलाच जेवू घालतो. कोंड्याला केटोकोनाझोलचा औषधी शांपू आठवड्यातून दोनदा, पाच मिनिटं डोक्यावर ठेवून धुवायचा. महिन्याभरात उतार पडला नाही तर डॉक्टर.

आता जरा अवघड विषय. आपल्या भागात, आणि खाली बेळगावकडे जास्तच, एखाद्या बाईच्या केसात जट होते. आजारपणात, बाळंतपणात किंवा मन खचल्यामुळे केस धुणं-विंचरणं राहून जातं. तेल, घाम, धूळ, कधी उवा, यांनी केस एकमेकांत अडकतात आणि त्याचा दोर वळतो. इथवर ही निव्वळ न न्हाण्याची गोष्ट. पण मग कुणीतरी म्हणतं, देवीचं बोलावणं आलं, आता धुवायचं नाही, कापायचं तर नाहीच. या एका गुंत्यापायी कित्येक मुली यल्लम्माला सोडल्या गेल्या. महाराष्ट्रात देवदासी प्रथेविरुद्ध २००५ चा कायदा आहे, तरी जटेचं भय घराघरात उरलंच आहे. साताऱ्याचे डॉ. नरेंद्र दाभोलकर यांनी १९८९ साली स्थापन केलेल्या अंधश्रद्धा निर्मूलन समितीचे कार्यकर्ते अशा बायकांच्या घरी जातात, घरच्यांची समजूत घालतात, आणि बाईच्या संमतीनं जट कापतात. वर्षानुवर्षं ते ओझं वागवून मान आणि पाठ दुखत असते; पहिल्या दिवशी बाईला डोकं रिकामं वाटतं म्हणतात.

हे फक्त आपल्याकडेच होतं असंही नाही. पोलंडात शे-दोनशे वर्षांपूर्वी अशीच जट होई आणि ती कापली तर आजार उलटेल म्हणून लोक भीत. क्राकोचे डॉक्टर युझेफ डिएत्ल यांनी एकोणिसाव्या शतकात ही अस्वच्छतेची गोष्ट आहे असं सांगत त्याविरुद्ध मोहीम चालवली. तिथे ती प्रथा गेली. तुमच्या ओळखीत एखादी आजारी, एकटी बाई असेल, तिचे केस गुंतू लागले असतील, तर दोन बोटांएवढा गुंता आहे तोवरच खोबरेल लावून, टोकाकडून वर असं हलक्या हातानं सोडवून द्या, आणि न्हाऊ घाला.

उवांसाठी रॉकेल वापरणारी घरं मी अजून पाहते. कृपा करून नको, चुलीजवळ तेवढंच निमित्त पुरतं. नुसतं धुऊन उवा जातही नाहीत, त्या केसाला धरून बसतात. ओल्या केसांतून बारीक दातांची फणी दर दोन-तीन दिवसांनी, दोन-तीन आठवडे फिरवायची, नाहीतर औषधाच्या दुकानातलं परमेथ्रिन लावून आठ-दहा दिवसांनी पुन्हा लावायचं, कारण लिखांतून नव्या उवा निघतात. एकाच दिवशी घरातल्या सगळ्यांची डोकी बघा.

शिकेकाई ज्यांना मानवते त्यांच्यासाठी आमच्या घरचं प्रमाण: शिकेकाई एक किलो, रिठ्याची साल पाव किलो, आवळकाठी पाव किलो, नागरमोथा आणि कपूरकाचरी शंभर-शंभर ग्रॅम, मूठभर मेथ्या, आणि हिवाळ्यात वाळवून ठेवलेल्या संत्र्याच्या साली. सगळं दोन दिवस कडक उन्हात ठेवून गिरणीत न्यायचं. गिरणीवाला सगळी दळणं उरकल्यावर, अगदी शेवटी घेतो, कारण शिंकांनी सगळे बेजार होतात; तेव्हा नाकाला पदर लावूनच उभ्या राहा.