तीन आण्यांत दोन मैल : मूकपटाच्या जाहिरातीचा हिशेब

१९१३ साली ‘राजा हरिश्चंद्र’ सुरतेला लागला तेव्हा पहिल्या खेळाचा गल्ला अवघा ३ रुपये भरला, अशी नोंद चित्रपटाच्या इतिहासकारांनी केली आहे. कारण सरळ व्यवहाराचे होते. या खेळाच्या दरापेक्षा कमी पैशांत सुरतकरांना सहा-सहा तासांचे नाटक पाहायला मिळे. मग दीड तासात आटोपणाऱ्या खेळाला कोण जाणार? दादासाहेब फाळक्यांनी यावर जाहिरात काढली. तिचा आशय असा : ५७,००० छायाचित्रांचा खेळ, दोन मैल लांबीचे चित्र, आणि सगळे मिळून फक्त तीन आण्यांत. गल्ला वाढत वाढत ३०० रुपयांपर्यंत गेला. ही गोष्ट फाळक्यांच्या कल्पकतेचा नमुना म्हणून आपण वर्षानुवर्षे सांगत आलो. पण तिच्यातले आकडे मांडून पाहिले तर अधिक काही हाती लागते. ‘हरिश्चंद्र’ची लांबी सुमारे ३,७०० फूट होती. फिल्मच्या एका फुटात १६ चौकटी बसतात, म्हणजे छायाचित्रे झाली साधारण ५९,०००. छायाचित्रांचा आकडा जवळपास खरा, उलट थोडा हात राखूनच दिलेला. लांबीचे मात्र तसे नाही. मैल ५,२८० फुटांचा. त्या हिशेबाने चित्र पाऊण मैलही भरत नाही. फाळक्यांनी वेळाने मोजल्या जाणाऱ्या करमणुकीला लांबीचे आणि नगाचे माप लावले. गिऱ्हाईक तासांचा भाव करत होते, त्यांनी त्याच्या पुढ्यात मैल मांडले.

माझे म्हणणे असे की मूकपटाची जाहिरात ही चित्रपटाबाहेरची आरडाओरड नव्हती. पडद्यावर जे बोलता येत नव्हते ते ती कागदावर बोलत होती, आणि नव्या वस्तूला मोजायचे कसे हेही लोकांना शिकवत होती. ती आधी पटवावी लागे ती थेटरमालकाला, कारण पडदा त्याचा आणि धोकाही त्याचा. अमेरिकेत हे काम कंपन्यांनी पद्धतशीर बसवले होते. चित्रपटाबरोबर थेटरमालकाला एक पुस्तिका जाई. तीत वर्तमानपत्रात छापायचा तयार मजकूर, कथासार, लहानमोठ्या पोस्टरांचे नमुने असत. मालकाने नुसते थेटरचे नाव घालायचे. आपल्याकडे अशी साखळी नव्हती. फाळके स्वतःच यंत्र आणि रिळे बैलगाडीत घालून गावोगाव फिरले. मुंबईत मालकाची अडचण वेगळ्या रीतीने सुटली. गिरगावच्या कोरोनेशन थेटरात ३ मे १९१३ रोजी ‘हरिश्चंद्र’ लागला तो नाच, विनोदी प्रवेश आणि पायांनी कसरत करणारा खेळाडू यांच्या जोडीने. आणि दर होता दुप्पट. वर्षभर आधी याच कोरोनेशनमध्ये तोरण्यांच्या ‘पुंडलिक’ची जाहिरात इंग्रजी वर्तमानपत्रात झळकली होती : मुंबईतल्या जवळपास निम्म्या हिंदूंनी हे चित्र पाहिले, आता उरलेल्या निम्म्यांनी पाहावे. मुंबईत इंग्रजी वाचणाऱ्याला एक भाषा, सुरतेच्या बाजारपेठेत दुसरी.

ही दोन्ही शहरे रेल्वेने खानदेशाला जोडलेली. सुरतेहून तापीच्या काठाने निघालेला लोहमार्ग नंदुरबार, अमळनेरवरून जळगावकडे येतो. मुंबईहून निघालेला चाळीसगाव, पाचोरा, जळगाव करत भुसावळला पोचतो आणि तिथून नागपूरकडे व इटारसीकडे फुटतो. फिल्मच्या पेट्या रेल्वेनेच फिरत, त्यामुळे खानदेश हा दोन बाजूंनी उघडा प्रदेश होता. घरात अहिराणी, कचेरीत मराठी, कापसाच्या पेढीवर गुजराती, मोहल्ल्यात उर्दू, सातपुड्याच्या पायथ्याशी भिली : मूकपटाची खरी ताकद अशाच मुलखात कळते. मुंबईच्या चित्रपटांत पडद्यावरच्या पाट्या गुजराती, हिंदी, उर्दू, इंग्रजी अशा तीन-तीन, चार-चार भाषांत येत. ‘हरिश्चंद्र’च्या पाट्या हिंदी आणि इंग्रजीत होत्या. अहिराणीत पाटी नव्हती, पण ती वाचून आपल्या बोलीत सांगणारा शेजारी असे.

इथे पहिला आक्षेप येतो, आणि तो वजनदार आहे. १९२१ च्या जनगणनेत देशात शंभरांत सात-आठच साक्षर होते. मग छापील कागदाचे एवढे महत्त्व कसे? पण आपल्याकडे वाचन हे एकट्याचे काम कधीच नव्हते. श्रावणात पोथी एकजण वाचतो आणि सारी आळी ऐकते. ‘केसरी’ही चावडीवर असाच ऐकला गेला. हँडबिलाला दहा वाचक लागत नव्हते, एक पुरे होता. ज्याला तेही जमत नसे त्याच्यासाठी चित्र होते, आणि इथेच कोल्हापूरचे बाबूराव पेंटर पुढे येतात. नाटकाचे पडदे रंगवून हात तयार झालेला हा माणूस. त्यांच्या महाराष्ट्र फिल्म कंपनीचा ‘सैरंध्री’ १९२० च्या फेब्रुवारीत पुण्याच्या आर्यन थेटरात लागला आणि लोकमान्य टिळकांनी त्यांना ‘सिनेमा केसरी’ म्हटले. पेंटरांनी कथासार आणि छायाचित्रे असलेल्या पुस्तिका काढल्या आणि पोस्टरे स्वतः रंगवली. ‘कल्याणचा खजिना’ या १९२४ च्या चित्रपटाचे पोस्टर भारतीय सिनेमाच्या सर्वांत जुन्या उरलेल्या सचित्र पोस्टरांत गणले जाते. फाळक्यांच्या सुरतेच्या जाहिरातीत वस्तूचे माप होते, पेंटरांच्या पोस्टरात वस्तूची चव आली. दहा-अकरा वर्षांत झालेला हा बदल मला फार मोठा वाटतो.

दुसरा आक्षेप : पौराणिक कथा घराघरांत ठाऊक होत्या, त्या आपोआपच खपल्या असत्या. खपल्या असत्या तर सुरतेत ३ रुपये जमले नसते. हरिश्चंद्र काय सुरतेला ठाऊक नव्हता? अर्थात फाळक्यांच्याच ‘लंकादहन’चे श्रेय मी जाहिरातीला देणार नाही. १९१७ साली साळुंक्यांनी राम आणि सीता दोन्ही भूमिका केल्या, पडद्यावर लंका पेटली, आणि मद्रासेत गल्ल्याची नाणी पोलीस पहाऱ्यात बैलगाडीने न्यावी लागली, असे सांगतात. ते यश चित्रपटाचेच. पण तोवर प्रेक्षकाला या खेळाचा भाव कळला होता, आणि तो कळवण्यात तीन आण्यांच्या हिशेबाचाही हात होता. शिवाय बाजार परक्यांचा होता : १९२६-२७ मध्ये प्रदर्शित झालेल्या चित्रपटांत भारतीय होते शंभरांत १५. तयार मजकूर आणि नटनट्यांच्या तसबिरी घेऊन येणाऱ्या परदेशी मालाशेजारी आपला चित्रपट लावायचा, तर थेटरमालकाच्या हाती काहीतरी कागद द्यावाच लागे.

जाहिरात खोटे बोलते, मग तिच्यावर इतिहास कसा उभारायचा, हा तिसरा आक्षेप मला सर्वांत कमी अडतो. दोन मैल हे खोटेच. पण गिऱ्हाइकाला काय हवे होते हे त्या खोट्यातूनच नेमके कळते. आणि पर्याय तरी काय? भारतात तेराशेच्या आसपास मूकपट निघाले; पुण्याच्या राष्ट्रीय चित्रपट संग्रहालयाकडे त्यांतले तीसेकही नाहीत, आणि त्यांतलेही कित्येक अपुरे. ‘हरिश्चंद्र’च्या चार रिळांपैकी पहिले आणि शेवटचे उरले, आणि ती १९१३ ची की १९१७ ला नव्याने घेतलेल्या आवृत्तीची यावर अभ्यासकांत मतभेद आहेत. पेंटरांचा ‘सैरंध्री’ गेला, ‘सिंहगड’ गेला, ‘सावकारी पाश’ही गेला. या चित्रपटांपर्यंत जाणारी वाट आता पुस्तिका, पोस्टर, वर्तमानपत्रातली चौकट यांतूनच उरली आहे. म्हणून जुन्या थेटरांच्या कपाटांतली आणि छापखान्यांच्या बासनांतली हँडबिले रद्दीत जाता कामा नयेत, जळगाव-धुळ्यात तर नाहीच. कोणता खेळ कोणत्या तारखेला, किती वाजता, जमिनीवर बसायचा दर काय आणि खुर्चीचा काय, बायकांची सोय कुठे, हे सगळे त्या एका कागदावर असते. रीळ हाती असले तरी त्यातून हे कळणार नाही.