प्रौढांचा शिक्षक कसा तयार होतो

लहान मुलांस शिकविणे व प्रौढांस शिकविणे या दोन भिन्न विद्या होत. मुलास शाळेत पाठविणारे वडील माणूस घरी असते. प्रौढास कोणी पाठवीत नाही. दिवसभर औत हाकून थकलेला कास्तकार दुसऱ्या रात्री वर्गास आला नाही, तर त्याचे कारण शिक्षकाने प्रथम आपल्या शिकविण्यात शोधावयाचे असते.

अहमदपूर तालुक्यात ही निकड जुनी आहे. १७ सप्टेंबर १९४८ पर्यंत हा मुलूख निजामाच्या राज्यात, बिदर जिल्ह्यात होता व राज्यकारभाराची भाषा उर्दू होती. ज्यास मराठी अक्षरे येत, त्यासही कचेरीचा कागद दुसऱ्याकडून वाचून घ्यावा लागे. १९५६ साली तालुका उस्मानाबाद जिल्ह्यात व १९८२ साली नव्या लातूर जिल्ह्यात आला. जिल्हे बदलले, तरी कागद दुसऱ्यापुढे धरण्याची सवय पुष्कळ घरांतून टिकून राहिली.

१९५९ मध्ये सातारा जिल्ह्यात ग्रामशिक्षण मोहीम सुरू झाली व पुढे ती राज्यभर पसरली. गाव साक्षर झाले की ग्रामगौरव समारंभ होई. उत्साह मोठा होता. परंतु शिकलेले अक्षर रोजच्या कामास न लागल्याने अनेकजण ते विसरले. नुसती सही शिकविणे म्हणजे साक्षरता नव्हे, ही गोष्ट प्रशिक्षणार्थ्याने पहिल्याच दिवशी पक्की ध्यानात घ्यावी.

म्हणून पाठ शेतातूनच निघावा. या भागात सोयाबीनचा पेरा मोठा. त्याच्या बियाण्याचे आवरण नाजूक असते. हाताळणीत ते दुखावते व उगवण घटते. प्रशिक्षणार्थ्याने ओल्या गोणपाटावर दहा ओळींत शंभर बिया मांडून, गुंडाळी करून ती ओलसर ठेवावी व सुमारे आठवड्याने चांगले कोंब मोजावेत. सत्तर निघाले तर एकरी तीस किलो बियाणे पुरते. बासष्टच निघाले तर चौतीस किलो लागेल. शेकडेवारी म्हणजे काय, हे फळ्यावर तासभर सांगूनही जे कळत नाही, ते या गोणपाटावर कळते. कारण येथे हिशेब चुकला तर दुबार पेरणीचा खर्च अंगावर येतो.

दुसरा पाठ औषधाच्या डब्याचा. डब्यावरील चौकोनात तांबडा रंग असल्यास विष अतिशय जहाल, त्याहून उतरत्या क्रमाने पिवळा, निळा व हिरवा. २०१७ साली यवतमाळ जिल्ह्यात फवारणीच्या वेळी विषबाधा होऊन वीसहून अधिक शेतकरी व शेतमजूर दगावले. त्या संकटास कारणे अनेक होती. परंतु डब्यावरील मजकूर वाचता येणे हे त्यावरील एक संरक्षण खचित आहे.

हे पाठ स्वतः केल्यावाचून शिकविता येत नाहीत. इंडोनेशियात १९८९ साली भातावरील शेतीशाळा सुरू झाल्या, तेव्हा भावी शिक्षकांस संपूर्ण हंगामभर स्वतः पीक घ्यावे लागले होते. आपल्याकडे एवढा अवधी क्वचितच मिळतो. निदान प्रत्येकाने सहकाऱ्यांपुढे एक पाठ द्यावा व किती वेळ आपणच बोललो, हे दुसऱ्याकडून मोजून घ्यावे. हा हिशेब ऐकताना बहुतेकांची मान खाली जाते.

सध्याच्या नवभारत साक्षरता कार्यक्रमात पंधरा वर्षांवरील व्यक्तींस स्वयंसेवक शिकवितात. चाचणीत वाचन, लेखन व संख्याज्ञान यांस प्रत्येकी पन्नास गुण असतात. स्वयंसेवकाने वर्ग सुरू करण्यापूर्वी चाळिशी ओलांडलेल्यांची नजर तपासून घ्यावी. अक्षर दिसत नाही असे म्हणण्यास संकोच वाटून माणूस ‘मला येत नाही’ म्हणतो व उठून जातो. चूक सर्वांसमक्ष दाखवू नये. विशेषतः सून व सासू एकाच वर्गात असतील तर मुळीच नाही. वर्गाची वेळ बायांनाच विचारून ठरवावी. खरिपाच्या पेरणीत व सोयाबीनच्या काढणीत वर्ग बंद ठेवावा, आणि तो पुन्हा कोणत्या दिवशी भरणार हे बंद करतानाच सर्वांस सांगून ठेवावे.