सहलीची तारीख कशी ठरवावी?

दिवाळीची सुट्टी संपून शाळा पुन्हा भरल्या की सहलीची चर्चा सुरू होते. मुले ठिकाण विचारतात, पालक खर्च विचारतात आणि मुख्याध्यापक परवानगीची कागदपत्रे पाहतात. तारीख मात्र बहुधा परीक्षा, सुट्ट्या आणि एस.टी. गाडी मिळण्याची सोय यांवरून ठरते. हवामानाचा विचार होतो तो एवढाच, की पावसाळा नको. वास्तविक मोसमी पावसाच्या देशात प्रवासाची वेळ निवडणे हा भूगोल आणि गणित या दोन्ही विषयांतला एक सुंदर प्रश्न आहे. शिवाय त्याचे उत्तर चुकले तर किंमत मुलांना मोजावी लागते. म्हणून गडहिंग्लजची एक शाळा डोळ्यांपुढे ठेवून आम्ही हा प्रश्न पायरीपायरीने सोडवणार आहोत.

वाऱ्यांचे वेळापत्रक

हा प्रश्न नवा नाही. ‘मोसमी’ या शब्दाच्या मुळाशी असलेल्या ‘मौसिम’ या अरबी शब्दाचा अर्थच ठरावीक काळ, हंगाम असा आहे. इसवी सनाच्या पहिल्या शतकात इजिप्तच्या बंदरांतून भारताकडे येणारी जहाजे जुलैच्या सुमारास निघत, नैऋत्य वाऱ्यांच्या जोरावर अरबी समुद्र ओलांडत आणि हिवाळ्यात वारे उलटे फिरले की परतत. आपल्याकडे भिक्षू आणि साधू चातुर्मासात एका जागी मुक्काम करीत. मराठी फौजांच्या मोहिमा दसऱ्याला सीमोल्लंघन करून निघत, कारण तोवर नद्या उतरलेल्या असत आणि जनावरांना चारा मिळे. कोकणातला कोळी नारळी पौर्णिमेनंतर होड्या पाण्यात लोटतो. या सर्वांनी पिढ्यान् पिढ्यांच्या निरीक्षणातून एकच गोष्ट केली होती : आपल्या कामाला कोणता काळ मानवतो, ते शोधून काढले होते. दर्यावर्दी माणसाला जो वारा हवा, तोच कोळ्याला नको. तेव्हा ‘प्रवासाला उत्तम ऋतू कोणता?’ या प्रश्नाला ‘कोठे आणि कशासाठी?’ हे विचारल्यावाचून उत्तर नाही.

पन्नास किलोमीटरांत दोन हवामाने

गडहिंग्लजहून संकेश्वर-बांदा महामार्गाने पश्चिमेकडे निघाले की आजरा लागते आणि पुढे आंबोली. गडहिंग्लज ते आंबोली हे सरळ रेषेतील अंतर पन्नास किलोमीटरांहूनही कमी आहे. पण गडहिंग्लजला वर्षाकाठी साधारण एक मीटरच्या आतबाहेर पाऊस पडतो, तर आंबोलीला सुमारे सात मीटर.

असे का होते? समुद्रावरून येणारी दमट हवा सह्याद्रीच्या भिंतीशी आली की तिला वर चढावे लागते. वरती दाब कमी असल्याने ती प्रसरण पावते व थंड होते. थंड हवेत बाष्प कमी मावते, म्हणून जास्तीचे बाष्प पाण्याच्या थेंबांच्या रूपाने बाहेर पडते. घाटमाथा ओलांडल्यावर हवेला आणखी वर चढण्याचे कारण उरत नाही आणि तिच्यातले बरेचसे पाणीही आधीच सांडलेले असते. म्हणून आजऱ्याहून पुढे पूर्वेला येऊ लागावे तसतसा पाऊस झपाट्याने उणावतो.

याचा सहलीशी थेट संबंध आहे. जुलैमधल्या एखाद्या सकाळी गडहिंग्लजच्या शाळेच्या पटांगणावर नुसती भुरभुर असताना आंबोलीला मुसळधार कोसळत असू शकते. आपल्या अंगणातल्या आभाळावरून घाटातल्या पावसाचा अंदाज बांधणे म्हणूनच धोक्याचे.

सरासरी काय लपवते?

पर्यटनाच्या पुस्तकांत महिनावार सरासरी पावसाचे तक्ते असतात. समजा, दोन गावी एका महिन्याचा सरासरी पाऊस १२० मिलिमीटर आहे. एका गावी तो रोज ६ मिलिमीटर याप्रमाणे वीस दिवस पडतो. दुसऱ्या गावी रोज ४० मिलिमीटर याप्रमाणे तीनच दिवस. तक्त्यात दोन्ही गावे सारखी दिसतात. प्रवाशाला मात्र पहिल्या गावी रोज छत्री लागेल, तर दुसऱ्या गावी सत्तावीस दिवस ऊन मिळेल आणि उरलेल्या तीन दिवसांत ओढा ओलांडता येणार नाही. म्हणून सरासरीबरोबर पावसाचे दिवस किती, हेही पाहावे. २४ तासांत २.५ मिलिमीटर किंवा अधिक पाऊस झाला, तरच हवामानशास्त्र विभाग तो ‘पावसाचा दिवस’ मानतो.

तारखांच्या सरासरीचेही असेच आहे. केरळात मोसमी पाऊस पोचण्याची सर्वसाधारण तारीख १ जून. प्रत्यक्षात तो २०२३ साली ८ जूनला आणि २०२५ साली २४ मे रोजी पोचला. मुंबईची सर्वसाधारण तारीख ११ जून, पण २०२५ मध्ये पाऊस तेथे २६ मे रोजीच हजर झाला आणि २०२३ मध्ये त्याला २५ जून उजाडला. दोन वर्षांच्या अंतराने एक महिन्याचा फरक! मेच्या शेवटच्या आठवड्यात कोकणात जाऊ, तोवर पाऊस येत नाही, असा हिशेब करणाऱ्यांची त्या वर्षी तारांबळ उडाली असणार.

आणखी एक गोम सणांच्या तारखांत आहे. पाऊस सूर्याच्या गतीशी बांधलेला आहे, तर दसरा-दिवाळी चंद्राच्या तिथींशी. मृग नक्षत्र दरवर्षी ७-८ जूनच्या सुमारास लागते, पण लक्ष्मीपूजन २०२२ साली २४ ऑक्टोबरला होते आणि २०२३ साली १२ नोव्हेंबरला. ‘दिवाळीच्या सुट्टीत पाऊस नसतो’ हे विधान दिवाळी लवकर आहे की उशिरा, यावर अवलंबून आहे. ऑक्टोबरच्या तिसऱ्या आठवड्यातल्या दिवाळीत परतीचा पाऊस गाठू शकतो. नोव्हेंबरच्या मध्यावर आलेल्या दिवाळीत ती शक्यता बरीच कमी झालेली असते.

परतीची वाट

आता सर्वांत महत्त्वाची गोष्ट. हिरण्यकेशी आंबोलीला उगम पावते आणि आजरा, गडहिंग्लज असा प्रवास करून पुढे कर्नाटकात घटप्रभेला मिळते. म्हणजे मघाशी पाहिलेल्या सात मीटर पावसातला बराचसा वाटा गडहिंग्लजजवळून वाहतो, तोही काही तास उशिरा.

हिशेब करून पाहू. एक चौरस किलोमीटर जागेवर १०० मिलिमीटर पाऊस पडला, तर १० कोटी लिटर पाणी जमते. त्यातले काही जमिनीत मुरते. पण जुलैअखेर घाटमाथ्याची जमीन भिजून गच्च झालेली असते, त्यामुळे बहुतेक पाणी सरळ ओढ्यांना आणि ओढ्यांतून नदीला मिळते. या नदीवरील कोल्हापूर पद्धतीच्या बंधाऱ्यांवरून गावोगावची वाहतूक चालते. पाणी चढले की हे ठेंगणे बंधारे आधी बुडतात. मोठ्या पुरात भडगावचा पूलही पाण्याखाली जातो. २०१९ चा ऑगस्ट आणि २०२१ चा जुलै कोल्हापूर जिल्ह्यात कोणी विसरलेले नाही.

म्हणून सकाळी कोरड्या पुलावरून गेलेली गाडी संध्याकाळी त्याच पुलावरून परत येईलच, असे पावसाळ्यात धरून चालता येत नाही. मुक्कामाच्या ठिकाणचा पाऊस आपण विचारात घेतो, वाटेतल्या सर्वांत ठेंगण्या पुलाचा विचार करीत नाही. सहलीची सुरक्षितता त्या पुलाइतकीच आणि घाटातल्या सर्वांत ठिसूळ दरडीइतकीच असते. तारीख ठरवताना विचारायचा पहिला प्रश्न ‘तेथे पाऊस असेल का?’ हा नसून ‘पाऊस आलाच, तर परत येता येईल का?’ हा आहे.

कोरडा ऋतू म्हणजे निर्धोक ऋतू नव्हे

पावसाळा टाळला म्हणजे काळजी मिटली, असेही नाही. महाराष्ट्रात विजेचा धोका भर जुलैपेक्षा वळवाच्या आणि परतीच्या पावसात अधिक असतो. एप्रिल-मे आणि ऑक्टोबरमध्ये जमीन तापून हवा सरळ वर झेपावते व उंचच उंच ढग बनतात. विजा या ढगांत तयार होतात. हे ढग बहुधा दुपारनंतर जमतात, म्हणून या महिन्यांत उघड्या पठारावरचा आणि किल्ल्यावरचा कार्यक्रम सकाळीच उरकावा.

जानेवारी ते मे या काळात सिंधुदुर्गाच्या जंगलपट्ट्यात जायचे, तर माकडतापाची माहिती हवी. गोचिडीच्या चाव्यातून पसरणारा हा रोग २०१६ साली दोडामार्ग तालुक्यात आणि पुढच्याच वर्षी बांदा परिसरात आढळला. पाचोळ्यात न बसणे, अंगभर कपडे घालणे आणि जाण्यापूर्वी तेथील आरोग्य केंद्रात चौकशी करणे हे साधे उपाय आहेत.

दिवाळीनंतर काही शाळा ‘दक्षिण भारत दर्शना’ला निघतात. महाराष्ट्रातला पाऊस संपला म्हणजे देशातला संपला, हा समज येथे नडतो. तमिळनाडूच्या किनाऱ्याचा मुख्य पाऊस ऑक्टोबर ते डिसेंबर या काळात, बंगालच्या उपसागरावरून येणाऱ्या ईशान्य वाऱ्यांबरोबर पडतो. चेन्नईतला २०१५ चा महापूर नोव्हेंबर-डिसेंबरमधलाच होता. कन्याकुमारी-चेन्नईच्या सहलीला जानेवारीचा उत्तरार्ध किंवा फेब्रुवारी अधिक बरा.

निर्णय दोन टप्प्यांत

हवामान हे अनेक वर्षांच्या अनुभवाचे सार असते. त्यावरून कोणता महिना निवडावा, हे कळते. पण त्या महिन्यातला नेमका दिवस कसा जाईल, ते चार-पाच दिवस आधीचा अंदाजच सांगू शकतो. म्हणून निर्णयही दोन टप्प्यांत घ्यावा. महिना सहा महिने आधी ठरवावा, पण निघायचे की नाही, याचा अंतिम निर्णय अंदाज पाहून घ्यावा. हवामानशास्त्र विभाग जिल्हावार इशारे देतो. नारिंगी किंवा तांबडा इशारा असेल, तर सहल पुढे ढकलावी. त्यासाठी पर्यायी तारीख आणि गाडीवाल्याशी तशी बोली आधीच हवी. नाहीतर पैसे भरलेले असतात आणि मुले हिरमुसतील म्हणून गाडी निघते.

मग गडहिंग्लजच्या शाळेने काय करावे? समुद्रकिनारा किंवा सिंधुदुर्ग किल्ला पाहायचा, तर डिसेंबर-जानेवारी. पावसाळ्यात समुद्र खवळलेला असतो आणि किल्ल्याची बोटही बंद असते. आपल्या नदीचा उगम पाहायचा असेल, तर ऑक्टोबरअखेर ते नोव्हेंबर, कारण तेव्हा झरे वाहते असतात आणि घाटही बहुधा उघडा असतो. तेथील मंदिराच्या कुंडात ‘शिस्टुरा हिरण्यकेशी’ नावाचा छोटा मासा सापडला. शास्त्रज्ञांनी २०२० साली त्याचे वर्णन केले आणि २०२१ साली ही जागा जैवविविधता वारसा स्थळ म्हणून घोषित झाली. पाऊसच अभ्यासायचा असेल, तर जुलैत घाटात जाण्याऐवजी शाळेतच पर्जन्यमापक बसवावा.

वर्गात करून पाहण्याजोगे

आपल्या महसूल मंडळाच्या रोजच्या पावसाचे दहा वर्षांचे आकडे मिळवा. योजलेल्या तीन दिवसांच्या सहलीसाठी दहापैकी किती वर्षी त्या तारखांना एकही पावसाचा दिवस नव्हता, ते मोजा. एक सावधगिरी बाळगा : पावसाची नोंद सकाळी साडेआठला होते आणि ती मागील २४ तासांची असते. १६ तारखेच्या नावावर लिहिलेला बराचसा पाऊस १५ तारखेला पडलेला असतो.

वरच्या वर्गांसाठी थोडी संभाव्यता. एका दिवशी पाऊस येण्याची शक्यता पाचात एक असेल, तर तीनही दिवस कोरडे जाण्याची शक्यता ०.८ × ०.८ × ०.८, म्हणजे सुमारे ०.५१ होते. एका दिवसाला किरकोळ वाटणारा धोका तीन दिवसांत जवळजवळ निम्म्यावर जातो! पण हा गुणाकार प्रत्येक दिवस स्वतंत्र आहे, असे धरून केलेला आहे. पाऊस तर आला की सलग येतो आणि उघडला की सलग उघडतो. मोजून काढलेला आकडा गुणाकाराच्या आकड्याशी जुळतो का, ते विद्यार्थ्यांना पाहू द्या. जुळला नाही, तर का जुळला नाही, यावर एक तास चांगला रंगेल. शेवटी सहलीची तारीख त्यांनाच सुचवायला सांगा आणि वाटेतल्या पुलांची यादीही त्यांच्याकडूनच करून घ्या.