अडचणींचं माप

ब्लाउज शिवताना आमचे टेलरकाका दोन्ही बाजूंना आत दोन-दोन बोटं कापड सोडतात. दर दिवाळीला एक शिवण उसवायची, की वर्ष निघतं. परवा त्यांनी ब्लाउज उलटा करून दाखवला. "ताई, आता उसवायला काही उरलं नाही." दुकानात थांबलेल्या आम्ही तिघी-चौघी हसलो आणि एकेकीची कारणं सुरू झाली. चाळिशी, थायरॉइड, वेळ, गुडघे. यातलं एकही खोटं नव्हतं. पण काकांच्या गळ्यातल्या टेपसारखा टेप त्या कारणांना कुणी कधी लावला नव्हता. अडचण आहे हे कळतं. केवढी आहे, हे आपण बघतच नाही.

गैरसमज : चाळिशी उलटली की चयापचय मंदावतो, वजन वाढणारच.

वस्तुस्थिती : २९ देशांतल्या ६,४०० हून अधिक लोकांच्या ऊर्जाखर्चाच्या मोजणीचा अभ्यास २०२१ मध्ये 'सायन्स' या नियतकालिकात आला. शरीराचा आकार आणि त्यातलं चरबी-स्नायूंचं प्रमाण हिशेबात धरलं, तर हा खर्च विशीपासून साठीपर्यंत जवळजवळ तेवढाच राहतो, बायकांचाही. उतार लागतो तो साठीनंतर, वर्षाला सुमारे ०.७ टक्के. पाळी जाण्याच्या सुमारास चरबी पोटाकडे सरकते, हे खरं. पण चाळिशीत आणखीही बरंच बदलतं. मुलांच्या मागे धावणं थांबतं, दारात स्कूटर येते, बढतीबरोबर खुर्ची येते आणि न वापरलेले स्नायू झिजतात. वयाच्या नावावर आपण जे खपवतो, त्यातलं बरंचसं खुर्चीचं असतं.

गैरसमज : थायरॉइड आहे, आता काही केलं तरी उपयोग नाही.

वस्तुस्थिती : थायरॉइड मंदावला की वजन वाढतं. पण अमेरिकन थायरॉइड असोसिएशनच्या मते ही वाढ साधारण दोन ते साडेचार किलोंची असते आणि तीही बरीचशी शरीरात साचलेल्या पाण्या-मिठाची. गोळी वेळेवर चालू आहे, रिपोर्ट नॉर्मल आहेत, आणि तरी वजन पंधरा किलोंनी जास्त आहे. मग बाकीच्या किलोंचा जाब त्या ग्रंथीला विचारून चालणार नाही. गोळी मात्र मनाने बंद करायची नाही.

गैरसमज : रोज तासभर मिळाला तरच व्यायामाला अर्थ.

वस्तुस्थिती : जागतिक आरोग्य संघटनेने २०२० मध्ये प्रौढांसाठी सांगितलेलं प्रमाण आहे आठवड्याला १५० ते ३०० मिनिटं मध्यम श्रमांचं. १५० ला सातांनी भागा; रोजची बावीस मिनिटंही भरत नाहीत. सलग दहा मिनिटं तरी हवीतच, ही जुनी अट त्याच वेळी गेली. त्यामुळे मुलाला बसस्टॉपवर सोडून घरी येताना घेतलेला लांबचा रस्ता, लिफ्ट सोडून चढलेले जिने, सगळं जमेला धरा. चालताना बोलता येतंय पण गाणं म्हणता येत नाही, एवढा वेग असला की झालं. घरकामही दम लागेल असं असेल तर मोजा. ओट्यापुढे उभं राहणं मात्र त्यात येत नाही. याशिवाय आठवड्यातून दोन दिवस स्नायूंना ताण देणारा व्यायाम हवा. आणि दहा हजार पावलांचं दडपण घेऊ नका. तो आकडा रूढ झाला १९६५ च्या सुमारास जपानमध्ये विकायला आलेल्या पावलं मोजण्याच्या यंत्राच्या नावावरून. तो डॉक्टरांनी लिहून दिलेला डोस नव्हे.

गैरसमज : गुडघे दुखतात, म्हणजे चालणं बंद.

वस्तुस्थिती : गुडघ्यांची झीज असलेल्या वजनदार लोकांवर झालेल्या २००५ च्या एका अभ्यासात दिसलं, की एक किलो वजन उतरलं तर प्रत्येक पावलागणिक गुडघ्यावरचा भार सुमारे चार किलोंनी हलका होतो. मांडीचे स्नायू बळकट झाले की सांध्यालाही आधार मिळतो. सूज किंवा तीव्र वेदना असेल तर आधी डॉक्टर आणि फिजिओथेरपिस्ट. एरवी सपाट रस्त्यावर थोडं थोडं चालणं, खुर्चीतून हात न टेकता उठणं-बसणं, इथून सुरुवात होते.

गैरसमज : चालायला जाते ना, मग खाण्याचं काय एवढं?

वस्तुस्थिती : हे माप स्वयंपाकघरात घ्यायचं. पोहे खाण्याच्या मोठ्या चमच्यात नव्हे, मोजमापाच्या टेबलस्पूनमध्ये तेल भरा. एका चमच्यात सुमारे १२० कॅलरी. मध्यम बांध्याच्या माणसाने अर्धा तास झपझप चाललं, की साधारण तेवढ्याच खर्च होतात. आता फोडणीला बाटली थेट कढईत कलते, तेव्हा किती चमचे पडतात ते एकदा बघा. मी तेलाच्या पिशवीवर उघडल्याची तारीख लिहायला लागले; पिशवी किती दिवस पुरते हे वजनकाट्याआधी बोलतं. उपासाचंही तेच. साबुदाणा म्हणजे जवळजवळ निव्वळ पिष्ट, त्यात दाण्याचं कूट आणि तूप. एकादशी दुप्पट खाशी ही म्हण कॅलरी शोधल्या जाण्याची वाट बघत बसली नव्हती.

गैरसमज : एकवीस दिवस नेटाने केलं की सवय लागते, एक दिवस चुकला की गेलं.

वस्तुस्थिती : एकवीसचा आकडा मॅक्सवेल मॉल्ट्झ या प्लास्टिक सर्जनच्या १९६० च्या पुस्तकातून पसरला. नव्या चेहऱ्याची सवय व्हायला किमान एवढे दिवस जातात, असं त्यांचं निरीक्षण होतं. पुढे लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजमध्ये फिलिपा लॅली यांनी प्रत्यक्ष मोजलं, तेव्हा सवय अंगवळणी पडायला सरासरी ६६ दिवस लागले. कुणाला १८, तर कुणाच्या बाबतीत अंदाज २५४ दिवसांवर गेला. आणि मधला एखादा दिवस चुकल्याने फारसं बिघडलं नाही. गणपतीत मोदक खाल्ले म्हणून पितृपक्षापर्यंत बूट माळ्यावर टाकायची गरज नाही.

गैरसमज : वीस किलो उतरले तरच फायदा, आणि बारीक माणसाला चिंता नाही.

वस्तुस्थिती : मधुमेहाच्या उंबरठ्यावरच्या लोकांवर अमेरिकेत मोठा अभ्यास झाला. त्यात सुमारे सात टक्के वजन उतरवण्याचं आणि आठवड्याला १५० मिनिटं हालचालीचं ध्येय दिलेल्या गटात मधुमेह होण्याचं प्रमाण ५८ टक्क्यांनी घटलं, असं २००२ मध्ये जाहीर झालं. पंच्याहत्तर किलोंच्या माणसाला हे सव्वापाच किलो झाले. उलट पुण्याच्या केईएम रुग्णालयातले डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी २००४ मध्ये 'लॅन्सेट'मध्ये ब्रिटिश सहकारी जॉन युडकिन यांच्याशेजारी स्वतःचाच फोटो छापला. दोघांचा बीएमआय २२.३, चरबी मात्र युडकिन यांची ९.१ टक्के आणि याज्ञिकांची २१.२ टक्के. म्हणून आपल्याकडे काट्याइतकाच टेप महत्त्वाचा. शेवटची बरगडी आणि कंबरेचं हाड यांच्या मधोमध माप घ्यायचं. बायकांत ८० सेंटिमीटर आणि पुरुषांत ९० च्या वर गेलं की सावध व्हायचं.

मी काकांकडून टेप मागून घेतला आणि पोट आत न ओढता माप घेतलं. चौतीस इंच. ऐंशी सेंटिमीटर म्हणजे साडेएकतीस. म्हणजे माझी अडचण अडीच इंचांची निघाली. काकांच्या वहीत माझी गेल्या दहा वर्षांची मापं आहेत, एकाखाली एक, चढती. त्यांनी नवा आकडा खाली लिहिला आणि पेन्सिल कानाला लावत विचारलं, "नवा शिवायचा, की थांबायचं?"

"होळीपर्यंत थांबा," मी म्हटलं.

दुकान घरापासून चालत अकरा मिनिटांवर आहे. येताना मी रिक्षाने आले होते.