लहान पुलीचा हिशेब
इंजिनाच्या क्रँकशाफ्टच्या टोकावरील पुली पट्ट्याच्या साहाय्याने अल्टरनेटर, एसीचा कॉम्प्रेसर आणि बहुतेक गाड्यांत पाण्याचा पंपही फिरवते. या कामात इंजिनाची थोडी शक्ती खर्ची पडते. मूळ पुलीऐवजी कमी व्यासाची पुली बसवली की ही उपकरणे संथ फिरतात आणि वाचलेली शक्ती चाकांकडे जाते. अशा पुलीच्या हलक्या अ‍ॅल्युमिनियममुळे इंजिन वेगही चटकन घेते. मात्र हा लाभ सहसा मोजक्याच अश्वशक्तीचा असतो.

त्याची किंमत उभ्या गाडीत कळते. १५० मिलिमीटरची पुली ५० मिलिमीटरच्या अल्टरनेटर-पुलीला मिनिटाला ८०० फेऱ्यांच्या आयडलिंगवर २,४०० फेरे देते. १२० मिलिमीटरची पुली १,९२०च देते. रात्री दिवे आणि एसी चालू असताना बॅटरीला चार्जिंग अपुरे पडू शकते. वाहतूक कोंडीत पाण्याचा पंप मंदावून इंजिनही तापू शकते.

खरा धोका वेगळाच आहे. अनेक मूळ पुलींमध्ये दोन धातुभागांमध्ये रबराचे कडे, म्हणजे डॅम्पर, असते. प्रत्येक स्फोटासरशी क्रँकशाफ्टला बसणारा पीळ आणि त्यातून उठणारी कंपने ते शोषते. लांब क्रँकशाफ्टच्या सरळ सहा-सिलिंडर इंजिनात तर त्याची फार गरज असते. तेथे भरीव पुली बसवल्यास बेअरिंग, तेलाचा पंप, प्रसंगी क्रँकशाफ्टही निकामी होऊ शकतो. म्हणून रोजच्या गाडीत डॅम्पर काढू नये. बदल करायचाच तर डॅम्पर असलेलीच पुली निवडावी, योग्य लांबीचा पट्टा घ्यावा आणि मधला बोल्ट कंपनीने सांगितलेल्या टॉर्कनेच आवळावा.